तांबटाचं शास्त्रीय नाव कसं वाचायचं, आणि ते बदललं तर काय करायचं

आमच्या सोसायटीच्या मागे शेवग्याचं एक जुनं झाड आहे, त्याची एक फांदी वठलेली आहे, आणि होळी झाली की तिथे टुक्-टुक्-टुक् सुरू होतं ते थेट पाऊस येईपर्यंत. रविवारी सकाळी मुलांना घेऊन पक्षी बघायला निघतो तेव्हा पहिला थांबा हाच. मागच्या उन्हाळ्यात दहावीतल्या एका मुलीने मला तिची वही दाखवली, त्यात तिने एकाच पानावर दोन पक्षी लिहिले होते, मेगालायमा हीमासेफॅला आणि सायलोपोगॉन हीमासेफॅलस. एक नाव तिला आजोबांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात मिळालं होतं, दुसरं मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये. "ताई, यातलं चुकीचं कुठलं?" असं तिने विचारलं. चुकीचं कुठलंच नाही, दोन्ही नावं त्याच शेवग्यावरच्या तांबटाची आहेत, एक आधीचं आणि एक आत्ताचं. तिला मी जे समजावून सांगितलं तेच इथे नीट लिहिते, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो आणि शाळेत दोन शब्दांचं नाव पाठ करून घेतात पण ते वाचायचं कसं हे कोणी सांगत नाही.

आधी पक्षी बघून घ्या, कारण नाव पक्ष्यावरूनच पडलंय. चिमणीपेक्षा थोडा मोठा, गुबगुबीत, हिरवा, कपाळावर लाल टिळा, छातीवर लाल पट्टा, गळा आणि डोळ्याभोवती पिवळा. दुर्बिणीतून बघाल तर एक गंमत दिसेल, तो ओरडतो तेव्हा चोच उघडतच नाही. चोच बंद, आणि प्रत्येक टुक् ला गळ्याच्या बाजूची कातडी फुग्यासारखी फुगते नि बसते. तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी असा आवाज, म्हणून तांबट. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीतून ज्याने भांडी ठोकायचा आवाज ऐकलाय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीतही आता कॉपरस्मिथ बार्बेटच म्हणतात, पण जुन्या पुस्तकात क्रिमसन-ब्रेस्टेड बार्बेट असं सापडेल, म्हणजे इंग्रजी नावंसुद्धा बदलतात, नुसती शास्त्रीयच बदलतात असं नाही.

आता नाव घ्या आणि तुकडे पाडा. पूर्ण नाव असं लिहितात: सायलोपोगॉन हीमासेफॅलस (स्टॅटिअस म्युलर, 1776). मी इथे देवनागरीत लिहितेय ते उच्चार कळावा म्हणून, वहीत किंवा रिपोर्टमध्ये पहिले दोन शब्द रोमन लिपीत आणि तिरप्या अक्षरात लिहायचे, हाताने लिहीत असाल तर खाली रेघ मारायची. पहिला शब्द म्हणजे प्रजाती-गट, ज्याला पुस्तकात वंश किंवा जीनस म्हणतात, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल. दुसरा शब्द त्या गटातल्या या नेमक्या पक्ष्याचा, तो कायम स्मॉल अक्षराने सुरू होतो, अगदी माणसाच्या किंवा गावाच्या नावावरून पडलेला असला तरी. ही चूक मी छापील पोस्टरवर पण बघितलीय. आणि दुसरा शब्द एकटा कधी लिहायचा नाही, 'आज हीमासेफॅलस दिसला' असं म्हणणं म्हणजे नुसतं 'आज सुरेश भेटला' म्हणण्यासारखं आहे, कुठला सुरेश?

शब्दांचा अर्थ काढायची सवय लावून घ्या, मग पाठ करावं लागत नाही. सायलोपोगॉन ग्रीकमधून आलंय, सायलॉस म्हणजे उघडा-बोडका आणि पोगॉन म्हणजे दाढी. हीमासेफॅलस म्हणजे रक्तासारख्या रंगाच्या डोक्याचा, तोच 'हीमा' जो हिमोग्लोबिनमध्ये आहे. आपल्या कपाळावर लाल टिळेवाल्या पक्ष्याला हे बरोबर बसतं. पण सगळीच नावं इतकी चपखल नसतात हेही लक्षात ठेवा. साळुंकीचं नाव अ‍ॅक्रिडोथेरस ट्रिस्टिस, पहिला शब्द टोळ पकडणारी, हे ठीक, नांगरामागे चालणारी साळुंकी बघितली की पटतं, पण ट्रिस्टिस म्हणजे दुःखी, उदास, आणि सकाळी गॅलरीत भांडणाऱ्या साळुंक्या बघून हे कोणाला पटेल! नाव हे वर्णन असेलच असं नाही, ती ओळखीची खूण आहे, अर्थ जुळला तर लक्षात ठेवायला सोपं इतकंच.

मग येतो कंस, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती या कंसातच असते, आणि लोक नेमका तोच सोडून देतात. मागचं नाव आणि साल म्हणजे त्या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन कोणी आणि कधी छापलं. ते कंसात असेल तर समजायचं की त्या माणसाने पक्षी ज्या गटात टाकला होता त्या गटात तो आता नाही, मधे कोणीतरी हलवलाय. कंस नसेल तर पहिल्या दिवसापासून तिथेच आहे. आपला मोर बघा, पॅव्हो क्रिस्टेटस लिनियस, 1758, कंस नाही, दोन शब्दांच्या नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने ठेवला तिथेच आजही. (1758 हे साल पाठच करून टाका, लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या साली आली आणि प्राण्यांची नावं तिथून पुढेच धरली जातात, त्याआधीची नावं कितीही चांगली असली तरी मोजत नाहीत.) साळुंकीच्या नावामागे मात्र (लिनियस, 1766) असा कंस आहे, कारण लिनियसने तिला बर्ड ऑफ पॅराडाइजच्या गटात टाकलं होतं, पॅराडिसिया ट्रिस्टिस! न्यू गिनीतले ते झुपकेदार शेपट्यांचे पक्षी आणि आपली एसटी स्टँडवरची साळुंकी एका घरात. पुढे ते दुरुस्त झालं आणि कंस लागला.

तांबटाचा कंस पण असाच वाचायचा. स्टॅटिअस म्युलर हे जर्मन, त्यांनी लिनियसचा ग्रंथ जर्मनमध्ये आणला आणि 1776 साली त्याला पुरवणी जोडली, तिथे हा पक्षी बुक्को हीमासेफॅलस म्हणून आला. नमुना फिलिपिन्सचा, हे विसरू नका, पुढे लागणार आहे. बुक्को हा गट आज दक्षिण अमेरिकेतल्या पफबर्ड पक्ष्यांचा आहे, तेव्हा जाड चोचीचं बरंच काय काय त्यात जायचं. नंतर तांबटाला झँथोलीमा म्हणजे पिवळ्या गळ्याचा या गटात ठेवलं, मग मेगालायमात, आणि आता सायलोपोगॉनमध्ये.

शेवटचा बदल का झाला ते नीट समजून घ्या, कारण नाव बदलायची दोन मोठी कारणं त्यात एकत्र बघायला मिळतात. आशियातले बहुतेक सगळे बार्बेट, आपला तांबट, कुटुर्गा वगैरे, मेगालायमा गटात होते. सायलोपोगॉन गटात एकटाच एक पक्षी होता, मलाया आणि सुमात्राच्या डोंगरातला, नाकावर आगीसारखा तुरा असलेला. 2013 साली डीएनएवरून केलेल्या अभ्यासात दिसलं की हा एकटा पक्षी मेगालायमांच्या बाहेर नाहीच, त्यांच्या मधोमध बसतो. म्हणजे काही मेगालायमा एकमेकांपेक्षा त्याला जास्त जवळचे. आता असा गट चालत नाही, एका आजोबांची नातवंडं म्हणायची आणि मधलं एक वगळायचं, असं करता येत नाही. मग एक तर मेगालायमाचे तुकडे करा नाहीतर सगळे एकत्र करा. एकत्र केले. एकत्र केले तर नाव कोणाचं राहणार? मोठ्या गटाचं नाही, जुन्या नावाचं. सायलोपोगॉन हे नाव 1830 च्या दशकातलं आणि मेगालायमा 1842 चं, म्हणून एका पक्ष्याच्या गटाचं नाव सगळ्यांना लागलं. याला प्राधान्याचा नियम म्हणतात आणि तो इतका सरळ आहे की त्यात कोणाची ओळख चालत नाही.

आता त्या मुलीचा खरा प्रश्न, हीमासेफॅला आणि हीमासेफॅलस, शेवट का बदलला? हे मराठी माणसाला तर चटकन कळायला पाहिजे, आपण 'लाल' सारखे शब्द सोडले तर सगळं लिंगानुसारच बदलतो, काळा कावळा, काळी कोकिळा, काळं कोकरू. लॅटिनमध्ये पण तसंच. दुसरा शब्द विशेषण असेल तर तो पहिल्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे चालतो. बुक्को पुल्लिंगी म्हणून हीमासेफॅलस, मेगालायमा स्त्रीलिंगी म्हणून हीमासेफॅला, सायलोपोगॉन पुन्हा पुल्लिंगी म्हणून पुन्हा हीमासेफॅलस. म्हणजे शेवट फिरून म्युलरने 1776 साली लिहिला होता तिथेच आला. इथे पक्ष्याच्या नर-मादीचा काही संबंध नाही, फक्त व्याकरण. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, त्याचंही असंच, इंग्रज पक्षीतज्ज्ञ लॅथमने 1790 साली कोलंबा या स्त्रीलिंगी गटात फिनिकॉप्टेरा म्हणून लिहिला, आज तो ट्रेरॉन फिनिकॉप्टेरस आहे. जुन्या यादीत -आ आणि नव्या यादीत -अस दिसलं तर लगेच दोन पक्षी समजू नका, आधी पहिला शब्द बघा.

पण दुसरा शब्द नाम असेल तर तो बदलत नाही. पिंगळ्याचं नाव अथीनी ब्रामा, ब्रह्मावरून पडलेलं, गट कुठलाही असो ब्रामा ते ब्रामाच. माणसांच्या नावावरून पडलेले शब्द पण तसेच, त्यांचा शेवट सांगतो की ते कोणाचे आहेत. शेवटी -आय असेल (रोमनमध्ये नुसतं 'आय' अक्षर) तर एका पुरुषाचं, -ई म्हणजे 'ए-ई' असेल तर एका बाईचं, -ओरम असेल तर अनेकांचं. शीळकरी कस्तूर म्हणजे मायोफोनस हॉर्सफिल्डिआय, हॉर्सफिल्ड यांच्या नावाचा. हिमालयातल्या एका शिंजिराचं नाव गूल्डिई, ते चित्रकार एलिझाबेथ गूल्ड यांच्यावरून. झूथेरा सलीमअलीआय हा हिमालयातला कस्तूर 2016 साली वेगळा ठरला आणि सलीम अलींचं नाव त्याला मिळालं. आणि मला सगळ्यात आवडतं ते लायोसिक्ला बुगुनोरम, अरुणाचलातल्या ईगलनेस्टचा पक्षी, बुगुन जमातीच्या सगळ्या लोकांच्या नावाने, म्हणून -ओरम. त्याचं वर्णन 2006 साली रमणा अथ्रेया यांनी केलं, पेशाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत. त्यांनी पक्षी मारून नमुना ठेवला नाही, जाळ्यात धरला, मोजमाप आणि फोटो घेतले, गळलेली पिसं ठेवली आणि सोडून दिला, कारण संख्याच इतकी कमी होती. नाव देण्यासाठी पक्षी मेलाच पाहिजे असं वाटणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देते.

कधी कधी तीन शब्द दिसतात, सायलोपोगॉन हीमासेफॅलस इंडिकस. तिसरा शब्द उपप्रजातीचा. मघाशी सांगितलं की म्युलरचा नमुना फिलिपिन्सचा होता, त्यामुळे मूळ नाव तिकडच्या पक्ष्यांकडे राहतं, ते हीमासेफॅलस हीमासेफॅलस, आणि आपला तो इंडिकस (लॅथम, 1790). जावा-बालीकडचा रोसियस बघाल तर चेहरा आणि गळा पिवळ्याऐवजी लाल. आवाज तोच टुक् टुक्. आपल्याकडे यादी करताना दोन शब्द पुरेत, तिसरा तेव्हाच लिहा जेव्हा तो खरंच पारखून बघितलाय, नुसतं गाव बघून लिहायचा नाही.

वरच्या पायऱ्या झटपट सांगते. नावाचा शेवट -इडी (रोमनमध्ये आय-डी-ए-ई) असेल तर ते कुळ, -इफॉर्मिस असेल तर गण. तांबटाचं कुळ मेगालायमिडी आणि गण पिसिफॉर्मिस, म्हणजे सुतारपक्ष्यांचा गण, दोघंही लाकूड कोरून घर करतात हे बघताना ते नातं डोळ्याला पण दिसतं. तांबट वठलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक पाडतो, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. आणि नीट बघा, गट मेगालायमा गेला तरी कुळाचं नाव मेगालायमिडीच राहिलं. कुळाच्या नावाचे नियम वेगळे आहेत, त्यातलं गटाचं नाव मागे पडलं म्हणून कुळाचं नाव बदलायची गरज नसते. जुन्या पुस्तकात आशिया, आफ्रिका, अमेरिका तिन्हीकडचे बार्बेट एकाच कुळात दिसतील, आता ते वेगळे केलेत, कारण अमेरिकेतले बार्बेट आपल्या तांबटापेक्षा तिकडच्या टूकनांना जास्त जवळचे निघाले.

आता हे सगळं वापरून एक पक्षी स्वतः सोडवून बघा, आणि त्यासाठी रानपिंगळ्यासारखा दुसरा पक्षी नाही. एका यादीत दिसेल हेटेरोग्लॉक्स ब्ल्यूइटी ह्यूम, 1873, कंस नाही. दुसऱ्या यादीत अथीनी ब्ल्यूइटी (ह्यूम, 1873), कंस आहे. फक्त कंसावरून कळतं की पहिली यादी करणारा ह्यूमच्या गटालाच धरून आहे आणि दुसऱ्याने रानपिंगळा साध्या पिंगळ्याच्या गटात घेतलाय. शब्द ब्ल्यूइटी, रोमनमध्ये शेवटी नुसतं 'आय', म्हणजे एका पुरुषाच्या नावाचा, ब्ल्यूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागातून 1872 साली नमुना मिळवला होता, आणि तो नामच असल्यामुळे गट बदलला तरी शेवट हलला नाही. हेटेरोग्लॉक्स म्हणजे 'वेगळं घुबड', ह्यूमला ते वेगळंच वाटलं होतं. ह्यूम म्हणजे तेच, ज्यांनी पुढे 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरवण्यात पुढाकार घेतला.

या पक्ष्याच्या बाबतीत नावाबरोबर लेबल पण तपासावं लागलं होतं. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून सात नमुने, त्यातले बरेचसे जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात खानदेशातून गोळा केलेले, आणि शेवटचा 1914 साली गुजरातमधल्या मांडवीचा, माइनर्टझॅगन या ब्रिटिश संग्राहकाच्या नावावर. लोक त्या लेबलवर भरवसा ठेवून तिकडे शोधत राहिले. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला तर तो डेव्हिडसनचाच चोरलेला, पुन्हा शिवून नवं लेबल लावलेला निघाला. मग ते लेबल बाजूला ठेवून जुन्या खऱ्या ठिकाणांवर शोध घेतला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये आपल्या शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला, शंभरावर वर्षांनी. पुढे मेळघाट, मग मुंबईजवळच्या तानसात पण दिसला. 2018 साली डीएनएचा अभ्यास आला त्यात तो अथीनी गटाच्या आतच बसतो असं निघालं. म्हणून मी स्वतः आता अथीनी लिहिते, पण हेटेरोग्लॉक्स लिहिलेला जुना कागद कधीही चुकीचा म्हणत नाही.

लिहिताना काय पाळायचं ते सांगते. कुठली तरी एक यादी धरा आणि तिचं नाव-साल वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वेगवेगळ्या जागतिक याद्या एकत्र करून 2025 साली अ‍ॅव्हीलिस्ट निघाली, 11,000 च्या वर पक्षी आहेत त्यात, नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तीच धरावी असं मला वाटतं. एकाच पानावर तेच नाव पुन्हा आलं तर पहिला शब्द एका अक्षरावर आणून टिंब द्या, पण पहिल्यांदा पूर्णच लिहा. पक्षी नक्की कुठला ते कळलं नाही तर गटाचं नाव लिहून पुढे 'एस्पी.' लिहा, ते तिरपं करायचं नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही, अंदाजाने पूर्ण नाव ठोकून देण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक. कॉपी-पेस्ट करताना शेवटचं अक्षर तपासा, -आ आहे का -अस. आणि मराठी नाव सोडू नका, तांबट हे नाव पण तितकंच लिहिण्यासारखं आहे, फक्त ते एकटं नको, कारण गावागणिक नाव बदलतं आणि दहा वर्षांनी वही उघडणाऱ्याला तुमचं गाव माहीत असेलच असं नाही.

त्या मुलीने वहीत काय केलं ते सांगते. तिने मेगालायमा खोडलं नाही, त्याच्यापुढे बाण काढून सायलोपोगॉन लिहिलं, बाजूला तारीख टाकली, आणि वरची पक्ष्यांची बेरीज एकने कमी केली.